आंकड्यामागें जाण्याचा हक्क
(गांवच्या शाळेपुढील पटांगणांत एका प्राथमिक शिक्षकानें दिलेलें व्याख्यान)



मला आज "कृत्रिम बुद्धि आणि लोकशाही" या विषयावर बोलावयास सांगितलें आहे. विषयाचें नांव ऐकतांच मागच्या रांगेंतले आबा उठून जाण्याच्या बेतांत होते, तें मीं पाहिलें. आबा, बसा. हा विषय शहरांतल्या कोट-पाटलोणवाल्यांचा नाहीं. तुमच्या रेशनकार्डाचा, पीकविम्याचा आणि तुमच्या नातीच्या हजेरीचा आहे. मी कांहीं मोठा पंडित नव्हे. अध्यापक विद्यालयांत मराठींतून शिकून निघालों आणि वीस वर्षें पोरांना पाढे शिकवितों आहें. मला जेवढें समजलें तेवढेंच सांगेन.

पहिली गोष्ट माझ्या वर्गांतली. एका सुतारकाम करणाऱ्या भावाची मुलगी पुढच्याच बाकावर बसते. आवाज खणखणीत, कविता म्हणूं लागली कीं शेजारचा वर्ग थांबतो. पण हिचें नांव आधार कार्डावर एका तऱ्हेनें आणि शाळेच्या पटावर दुसऱ्या तऱ्हेनें लिहिलें गेलें होतें. एका अक्षराचा फरक. संगणकानें दोन्ही नांवें ताडून पाहिलीं, जुळलीं नाहींत, आणि मुलगी मोजणींतून गळाली. मी कचेरींत गेलों. तेथले गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, सिस्टिम घेत नाहीं." मीं विचारलें, "सिस्टिम म्हणजे कोण? त्यांचें नांव सांगा, मी त्यांना भेटतों." त्यांनीं वर पंख्याकडे पाहिलें. मुलीच्या बापाची दोन दिवसांची मजुरी बुडाली, माझ्या दोन रजा गेल्या, आणि जिला मोजावयाचें होतें ती मुलगी इकडे कविता म्हणतच होती.

"सिस्टिम घेत नाहीं" हे तीन शब्द मला फार भयंकर वाटतात. पूर्वीं जुलूम करणारा माणूस तरी समोर दिसत असे. तलाठी असो, सावकार असो, त्याच्या दारांत बसतां येई, चार माणसें जमवून जाब विचारतां येई. आतां जाब विचारावयास दारच नाहीं.

लोकशाही म्हणजे काय, असें मीं पोरांना विचारलें तर तीं म्हणतात, मत देणें. बरोबर आहे, पण तें पांच वर्षांतून एकदां. मधल्या दिवसांत लोकशाही कोठें राहते? माझ्या मतें ती "कां?" या एका प्रश्नांत राहते. माझें धान्य कां थांबलें? माझा अर्ज कां फेटाळला? जो माझ्याविषयीं निर्णय करतो त्यानें मला, मला कळेल अशा भाषेंत, कारण सांगितलें पाहिजे, आणि तें कारण खोटें निघालें तर निर्णय फिरविला पाहिजे. हें नसेल तर मतपेटी असूनहि आपण रयत, नागरिक नव्हे.

कृत्रिम बुद्धीविषयीं वर्तमानपत्रांत येतें तें बहुतेक खोट्या आवाजाचें आणि खोट्या चित्राचें. अमेरिकेंत जानेवारी २०२४ मध्यें न्यू हँपशायर प्रांतांत मतदारांना टेलिफोन गेले. आवाज खुद्द राष्ट्राध्यक्ष बायडन यांचा, सांगणें असें कीं आतां मतदानाला जाऊं नका. तो आवाज यंत्रानें बनविलेला होता. हें वाईट आहेच. परंतु खोटा आवाज आज ना उद्यां उघडा पडतो. मला त्याहून अधिक भीति वाटते ती जें यंत्र बोलतच नाहीं त्याची.

माझ्या मुलीला वगळणारा संगणक मूर्ख होता. दोन नांवें ताडण्यापलीकडे त्याला कांहीं येत नव्हतें. आतां आलीं आहेत तीं शिकणारीं यंत्रें. तीं शिकतात कशीं? बैलबाजारांतला दलाल आठवा. बैलाच्या अंगावरचा भोंवरा पाहून तो सांगतो, हा मारका निघेल. पूर्वीं पाहिलेले शंभर बैल त्याच्या मनांत असतात. यंत्राला शंभर नव्हे, हजारों-लाखों जुनीं प्रकरणें दाखवितात: हा अर्ज खरा निघाला, हा खोटा निघाला. त्यांत सारखेपणा कशाकशाचा आहे याची तें आपल्या परीनें सांगड घालतें आणि नव्या अर्जाला एक आंकडा चिकटवितें, कीं येथें लबाडीचा संभव इतका. दलालाला तुम्हीं विचारलें, "बाबा, कोणता भोंवरा?" तर तो बोट ठेवून दाखवील. यंत्राच्या पोटांत असंख्य भोंवऱ्यांची बेरीज असते. तें बनविणाऱ्यालाहि पुष्कळदां बोट ठेवतां येत नाहीं.

आणखी एक खोड आहे. गांवांतल्या एकाच आळीच्या कणग्या दरसाल तपासल्या तर पोरकिडे त्याच आळींत सांपडणार. मग तें टिपण यंत्राला दिलें कीं यंत्र म्हणणार, पोरकिडे याच आळींत होतात. पुढल्या वर्षीं तपासणी पुन्हां त्याच आळीची. इतर आळ्यांना कोणी विचारणार नाहीं.

हें मी मनचें सांगत नाहीं. नेदरलँड्स, ज्याला आपण हॉलंड म्हणतों, तेथें काय झालें तें ऐका. देश आपल्या मराठवाड्याहून लहान, पण श्रीमंत. शिकलेले लोक, जुनें पार्लमेंट, स्वतंत्र कोर्टें. तेथें आईबाप दोघेहि कामाला जातात आणि मूल पाळणाघरांत ठेवतात. तो खर्च मोठा, म्हणून सरकार त्याचा बराच हिस्सा आगाऊ भत्ता म्हणून देतें. २०१३ सालीं बल्गेरियांतून आलेल्या कांहीं टोळ्यांनीं भत्ते लाटल्याचें उघडकीस आलें. एकच ओरड झाली. पार्लमेंटनें सरकारचा कान धरला कीं कडक व्हा. हें ध्यानांत ठेवा, मंडळी: कडकपणाची मागणी लोकांनीं निवडलेल्या सभेनेंच केली होती. चोर पकडा म्हणतांना कोणाला वाईट वाटतें?

त्याच वर्षापासून कर खात्यानें पाळणाघराच्या अर्जांना आंकडे देणारें असें यंत्र वापरावयास घेतलें. यंत्राला पुरविलेल्या खुणांत एक खूण अशी होती कीं, अर्जदार डच नागरिक आहे कीं नाहीं. कमी मिळकतीच्या घरांकडेहि यंत्राचें बोट अधिक वळे. ज्याचा आंकडा वर, त्याचा अर्ज तपासणीसाठीं कारकुनाच्या टेबलावर. परंतु हा आंकडा वर कां गेला, हें त्या कारकुनालाहि सांगितलेलें नसे. त्याला एवढेंच कळे कीं या माणसांत कांहीं तरी काळेंबेरें आहे. आणि संशयानें पाहूं लागलें म्हणजे कोणाच्या कागदांत खोट सांपडत नाहीं?

त्यांत कायदा लावला तो असा कीं, सगळें किंवा कांहींच नाहीं. एखादी सही राहिली, आपल्या वांट्याची थोडी रक्कम भरल्याची पावती सांपडली नाहीं, कीं त्या सबंध वर्षाचा भत्ता परत करा. घराघरांतून दहा हजार, वीस हजार, कोठें त्याहून कितीतरी अधिक युरो मागितले गेले. एक युरो म्हणजे आजचे सुमारें शंभर रुपये. सव्वीस हजारांहून अधिक आईबाप या चरकांतून गेले. त्यांत तुर्कस्थान, मोरोक्को, सुरीनाम अशा मुळाचे लोक पुष्कळ. कोणाचें घर गेलें, कोणाची नोकरी, कोणाचा संसार मोडला. या घरांतलीं हजारावर मुलें त्या वर्षांत आईबापांपासून काढून दुसरीकडे ठेवलीं गेलीं. तें सर्व एवढ्या एकाच कारणानें झालें असें मी म्हणत नाहीं, पण आकडा तुमच्यापुढें ठेवतों. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा हा प्रकार कोणा हुकूमशहाच्या राज्यांत झाला नाहीं, लोकशाहींत झाला.

मग हे आईबाप गप्प बसले काय? नाहीं. त्यांनीं विचारलें, "कां?" कारकून म्हणे, प्रकरण वरून आलें. वरचे म्हणत, कायदा असा आहे. मंत्री म्हणत, खातें पाहून घेईल. कोर्टांत गेले तर देशाची सर्वोच्च प्रशासकीय न्यायसभा ऑक्टोबर २०१९ पर्यंत खात्याचीच कडक रीत उचलून धरीत राहिली. कांहींनीं आपल्या प्रकरणाचे कागद मागितले, तेव्हां पानेंच्या पानें काळ्या शाईनें माखलेलीं हातीं आलीं. खात्यांतल्याच सान्ड्रा पाल्मेन या कायदेतज्ज्ञ बाईंनीं २०१७ सालीं लेखी कळविलें होतें कीं, आपली वागणूक चुकीची आहे, लोकांना भरपाई दिली पाहिजे. तो कागद दाबला गेला आणि बाहेर यावयास २०२० साल उजाडलें. म्हणजे पहा, खुद्द लोकप्रतिनिधींनाहि खरें काय तें कळत नव्हतें. ज्या सभेनें यंत्रावर आणि खात्यावर लक्ष ठेवावयाचें तिच्याच डोळ्यांवर पट्टी.

हें फोडलें कोणीं? एव्हा गोन्झालेझ पेरेझ नांवाच्या एका वकीलबाईनें चिकाटीनें आईबापांचीं प्रकरणें लढविलीं. ऑम्टझिख्ट आणि लायटेन या दोन सभासदांनीं पार्लमेंटांत प्रश्नामागून प्रश्न विचारले. त्यांतले ऑम्टझिख्ट तर सत्तेंतल्याच पक्षाचे, आपल्याच सरकारला पेंचांत धरणारे. दोन बातमीदारांनीं कागद उकरले. १७ डिसेंबर २०२० रोजीं पार्लमेंटच्या चौकशी समितीचा अहवाल आला. त्याच्या नांवाचाच अर्थ "पूर्वीं कधीं न झालेला अन्याय" असा आहे. १५ जानेवारी २०२१ रोजीं सबंध प्रधानमंडळानें राजीनामा दिला. (मार्चमध्यें निवडणूक झाली, तींत त्याच मुख्य प्रधानांचा पक्ष पुन्हां पहिला आला. लोक विसरतात तें आपल्याकडेच असें नाहीं.)

मी त्या यंत्राला एकट्याला दोष देत नाहीं. कायदा निष्ठुर होता, साहेबलोक भित्रे होते, कोर्ट डोळे झांकून होतें. पण यंत्रानें काय केलें? प्रत्येकाला हात झटकावयास एक कोनाडा दिला. जुलमाला पूर्वीं धनी असे. आतां तो बेवारशी झाला.

कधीं कधीं तर बुद्धीचीहि गरज लागत नाहीं, नुसता भागाकार पुरतो. ऑस्ट्रेलियांत सरकारी मदत घेणाऱ्या गरिबांची वर्षाची मिळकत घेऊन संगणकानें ती पंधरवड्यांत सारखी वांटली, आणि म्हटलें, या पंधरवड्यांत तुझी कमाई एवढी होती, तूं खोटें सांगून मदत घेतलीस, परत कर. ऊसतोडीला जाणाऱ्या माझ्या भावांना यांतली गफलत सांगावयास नको. सहा महिने कोयता चालतो, सहा महिने हात रिकामे. त्याची बारा महिन्यांवर सरासरी काढली तर तुम्ही आषाढांतहि कमावते ठरलांत! कोणीहि पाढे शिकलेला पोर ही चूक दाखविता. तरी तो कारभार २०१६ पासून कैक वर्षें चालला, आणि २०२३ सालीं चौकशी आयोगानें त्याला क्रूर व बेकायदेशीर म्हटलें.

हें सारें समुद्रापलीकडचें, असें कोणी म्हणेल. नांदेड आणि गडचिरोलीला लागून तेलंगण आहे. तेथल्या सरकारनें निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी एकत्र ताडणारी संगणकाची व्यवस्था उभी केली, आणि तिच्या आधारानें लाखों शिधापत्रिका रद्द झाल्या. घरांत मोटार नसतां नोंदींत मोटार निघाली, अशीहि उदाहरणें पुढें आलीं. नांवासारखें नांव असलें कीं झालें! घरीं कोणी पाहावयास आलें नाहीं. शेवटीं सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २०२२ मध्यें सांगितलें कीं, अशा सुमारें १९ लाख रद्द पत्रिका प्रत्यक्ष जागेवर जाऊन पुन्हां तपासा. जागेवर जाऊन! देशाच्या सर्वांत मोठ्या कोर्टाला जें सांगावें लागलें तें आपल्या गांवचा कोतवालहि सांगता.

आणि शेतीकडे येऊं. प्रधानमंत्री पीकविम्यांत २०२३ च्या खरिपापासून भात व गव्हाचें उत्पन्न ठरवितांना उपग्रह आणि गणिती यंत्रें यांनीं काढलेल्या आंकड्याला कमींत कमी ३० टक्के वजन दिलें आहे. पुढें सोयाबीनहि त्यांत आलें. महाराष्ट्र सरकारनें जून २०२५ मध्यें शेतींत कृत्रिम बुद्धि आणण्याचें धोरण मंजूर केलें, त्याला पहिल्या तीन वर्षांसाठीं ५०० कोटी रुपये ठेवले. मी याच्या विरुद्ध नाहीं. पीककापणीच्या जुन्या प्रयोगांत कोणाचा बांध निवडला जाई आणि कोणाच्या घरीं चहा होई, तें आपण सर्व जाणतों. उपग्रह चहा पीत नाहीं. किडीची आगाऊ सूचना मिळाली, पावसाचा अंदाज गांवापुरता मिळाला, तर शेतकऱ्याचें भलेंच होईल. माझा प्रश्न एवढाच आहे: आकाशांतून सोयाबीन हिरवें दिसलें आणि शेंगांत दाणा भरला नव्हता, तर मी कोणाच्या दारांत जावें? तो दाणा कोण हातांत घेऊन पाहील? धोरण करणारांनीं ५०० कोटींचा हिशेब केला तसा या दाराचाहि केला पाहिजे.

या प्रश्नाचें उत्तर आपल्याच मातींत एकदां शोधलें गेलें आहे. पुणें जिल्ह्यांतल्या सुप्याला १२ मे १८७५ रोजीं आठवड्याचा बाजार होता. त्या दिवशीं कुणबी सावकारांच्या घरांवर गेले, आणि तें लोण पुणें व नगर या जिल्ह्यांत पसरलें. त्यांनीं मागितलें काय? सोनें नव्हे. माणसांच्या जिवावरहि ते फारसे उठले नाहींत. त्यांना पाहिजे होते रोखे, कर्जाचे कागद. ते हातीं आले कीं जाळले. कां? कारण त्या कागदावर काय लिहिलें आहे हें ज्याचा अंगठा त्यालाच वाचतां येत नव्हतें, आणि कोर्ट म्हणे, अंगठा आहे ना, मग कागद खरा. पन्नास घेतलेल्याचे दोनशें कसे झाले, हें विचारण्याची सोयच नव्हती. म्हणूनच जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें प्राथमिक शिक्षणाची मागणी केली त्यांत बाळबोधीबरोबर मोडी वाचणें-लिहिणें आणि हिशेब हे विषय आवर्जून घातले. आपला कागद आपल्याला वाचतां आला पाहिजे.

दंग्यानंतर सरकारनें चौकशी केली आणि १८७९ सालीं दक्षिणेंतल्या शेतकऱ्यांसाठीं कायदा केला. त्यांत पुढें व्यवहारांत पुष्कळ पळवाटा निघाल्या, तो भाग वेगळा. पण त्यांतलें मुख्य कलम मला सोन्यासारखें वाटतें. न्यायाधीशानें नुसता रोखा पाहून हुकूमनामा करावयाचा नाहीं. रोख्याच्या मागें जावयाचें, व्यवहार मुळांत कसा सुरू झाला तेथपासून हिशेब उलगडावयाचा. शिवाय कुळानें मागितला तर सावकारानें हिशेबाचा उतारा द्यावयाचा, पैसे घेतल्याची पावती द्यावयाची. रोख्यामागें जाणें! त्या काळच्या परक्या सरकारला, दंगा झाल्यावर कां होईना, एवढें कबूल करावें लागलें.

आज आपल्याला तेंच पाहिजे: आंकड्यामागें जाण्याचा हक्क. यंत्रानें "अपात्र" म्हटलें तर कोणत्या नोंदीवरून म्हटलें, ती नोंद कोठून आली, आणि ती दुरुस्त करणारा हाडामांसाचा अंमलदार कोण, त्याचें नांव काय. युरोपांतल्या देशांनीं २०२४ सालीं कृत्रिम बुद्धीचा कायदा केला. ज्या यंत्रांचा माणसाच्या हक्कांवर मोठा परिणाम होतो तीं वापरून निर्णय झाला तर त्या माणसाला खुलासा मागतां येईल, असें त्यांत कलम घातलें आहे. आपल्या केंद्र सरकारनें नोव्हेंबर २०२५ मध्यें मार्गदर्शक सूचना काढल्या. सूचना चांगल्या असतील. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे, आणि सूचना मोडली म्हणून कोणाला कोर्टांत उभें करतां येत नाहीं.

तोंवर हात बांधून बसण्याचें कारण नाहीं. २००५ सालचा माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. त्याच्या चौथ्या कलमांत स्पष्ट लिहिलें आहे कीं, सरकारी कचेरीनें आपल्या निर्णयाचीं कारणें, ज्याच्यावर त्याचा परिणाम होतो त्या माणसाला दिलीं पाहिजेत. यंत्रानें केलेला निर्णय असेल तर देऊं नयेत, असें त्यांत कोठेंहि म्हटलेलें नाहीं. महाराष्ट्रांत अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेहि नाहींत, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावें लागतें. त्या सुतारभावाच्या मुलीसाठीं आम्हीं हाच अर्ज केला. मीं लिहिला, बापानें सही केली. प्रश्न दोनच: मुलीला कोणत्या कारणानें वगळलें? दुरुस्तीचा अधिकार कोणत्या अंमलदाराला आहे? पंधरा दिवसांत कचेरींतून फोन आला, "गुरुजी, अर्ज कशाला केलात, सांगितलें असतें तर झालें असतें." नांव दुरुस्त झालें. मीं म्हटलें, झालें तें चांगलें, पण उत्तर लेखी पाठवा. पुढच्या मुलाच्या वेळीं लागेल. तें उत्तर अजून यावयाचें आहे, आणि मीं वरचें अपील टाकलें आहे.

मावशी, तुमचा निराधारचा पगार तीन महिने आला नाहीं म्हणतां. तुम्हांला मोबाइलवर जो निरोप आला तो पुसूं नका. ज्यांच्या घरीं "अपात्र", "नामंजूर", "जुळत नाहीं" असला निरोप आला असेल त्यांनीं तो मोबाइल आणि असतील तेवढे कागद घेऊन शनिवारीं सायंकाळीं शाळेंत यावें. सातवीचीं मुलें अर्ज लिहितील, मी तपासीन. इंग्रजी निरोप असला तरी आणा. कोश शाळेंत आहे. दहा रुपयांचीं तिकिटें मात्र आपापलीं आणावीं.